डुकराचा परवाना पोटरीच्या आधी हाती पडला पाहिजे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भात पोटरीला आले (लोंबी पोटात धरली) की रानडुकरांचा विषय कोकणात दरवर्षी निघतो आणि भात खळ्यावर आले की मागे पडतो. मधल्या पाच-सहा आठवड्यांत शेतकरी म्हणतो, डुक्कर मारायची मोकळीक द्या. वनखाते म्हणते, कायदा आड येतो. बंदूकवाला म्हणतो, परवाना आहे पण बार काढायची भीती वाटते. शेजारचा बागायतदार म्हणतो, माझ्या कलमांत रात्री बंदुका घेऊन कोणी शिरायचे नाही. चौघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. आमच्या मते भांडणाचे मूळ कायद्याच्या कडकपणात नाही. परवानगीची वाट कायद्यात आहे. ती परवानगी पिकाच्या वेळेला मिळत नाही, आणि मिळाली तरी ती कशी वापरायची हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. एवढ्याच गोष्टीसाठी हे पत्र.

गावात दोन समजुती पक्क्या आहेत. एक, डुक्कर मारायला आता सूट आहे. दुसरी, डुकराला हात लावला की तुरुंग. दोन्ही चुकीच्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंद आहे. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. त्यानंतर उरले ते कलम ११. त्यात अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी, म्हणजे बिबट्या, गवा, हत्ती यांच्यासाठी, पीक हे कारणच नाही. प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच, आणि पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे यांपैकी काहीच शक्य नसेल तरच, मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. अनुसूची २ मधल्या प्राण्यांबाबत मात्र कायदा मालमत्तेचे नुकसान हेही कारण धरतो आणि त्यात ‘उभे पीक’ स्पष्ट शब्दांत घालतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) याच अनुसूचीत आहेत. आदेश लेखी हवा, त्यात कारण हवे, क्षेत्र नेमलेले हवे. आणि तो कोणाही व्यक्तीच्या नावे देता येतो. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि डुक्कर-रोही तिसऱ्या अनुसूचीतून दुसरीत आले. ‘आता ते वरच्या यादीत गेले, परवाना बंद झाला’ असे त्यानंतर गावोगाव सांगितले जाते. तसे झालेले नाही. पिकासाठीची वाट आहे तशीच आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, विष घालणे आणि त्यासाठी हाकारा करणे (जनावर उठवून बंदुकीकडे हाकलणे) किंवा आमिष ठेवणे हेही शिकारीतच येते, आणि प्रयत्नसुद्धा येतो. परवाना एकाच्या नावाचा आणि हाक्याला वीस माणसे, असे असेल तर ती वीसही माणसे गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतात. साधा गुन्हा असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी मेला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. म्हणून परवान्यावर माणसांची नावे असावीत, हाक्यावाल्यांचीसुद्धा.

आपल्या राज्यात २०१५ च्या शासन निर्णयाने डुक्कर आणि रोही यांच्याबाबत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आला. हे योग्य झाले. पण अधिकार तालुक्यात आला तरी निर्णय तिथे अडतोच, आणि त्याला कारण आहे. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या चार गोष्टी दिसत असतात: अंधारात डुक्कर समजून सांबराला छर्रे लागतील, हाक्यात बिबट्या उठेल, छर्रे पलीकडच्या वाडीत जातील, किंवा परवाना पिकाच्या नावाने घेऊन मटण बाजारात जाईल. यांतले काहीही घडले तरी चौकशी त्याची होणार. ‘पाहणी करून कळवतो’ असे तो म्हणतो तेव्हा तो दर वेळी आळशी असतोच असे नाही. पाहणीला वनरक्षक येतो दहा-बारा दिवसांनी. तोवर पावसाने ठसे धुऊन नेलेले असतात आणि पंचनाम्यात ‘वन्यप्राण्याने नुकसान’ एवढेच पडते. कोणत्या प्राण्याने, हेच लिहिलेले नाही, तर डुकराचा परवाना द्यायचा कशाच्या आधारावर?

इथे शेतकऱ्याने करायचे काम आहे आणि ते अवघड नाही. डुकराने खाल्लेले भात ओळखू येते. डुक्कर चूड (भाताचा झुपका) वाकवते, लोंबी तोंडात धरून ओढते, चघळते आणि चोथा टाकून देते. चिकात आलेल्या (दाण्यात दूध भरलेल्या) भातात असे चोथ्याचे पांढुरके गोळे जागोजाग पडलेले सापडतात. खाल्ल्यापेक्षा लोळून आणि तुडवून गेलेले जास्त असते. गांडुळे-किड्यांसाठी बांध नाकाने उकरलेला असतो, माती एका बाजूला लोटलेली. चिखलातल्या ठशात पुढच्या दोन खुरांमागे बाहेरच्या अंगाला दोन लहान खुरांच्या खुणा उमटतात. उंदीर आणि साळिंदर दातांनी तिरके, सुरीने कापल्यासारखे तोडतात आणि जमिनीलगत तोडतात. गव्याचा ठसा गुरासारखा पण खूप मोठा, आणि तो वरचा शेंडा लोंब्यांसकट ओरबाडून नेतो. गव्याचे नुकसान डुकराच्या नावावर घातले तर परवाना घेऊन माचावर (राखणीच्या मचाणावर) बसलेल्या माणसासमोर गवाच येणार, हे लक्षात घ्यावे. फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवावी, एक फोटो जवळून, एक पूर्ण खाचराचा, आणि त्याच दिवशी काढावा. भरपाईसाठी तीन दिवसांत तक्रार द्यायची असतेच. तीच कागदपत्रे परवान्याच्या अर्जाला जोडावीत. आज एकाच नुकसानीची दोन प्रकरणे दोन टेबलांवर दोन वेगळ्या पाहण्यांची वाट बघत पडतात.

अर्जही एका ओळीचा चालत नाही. गट नंबर, पीक, ते कोणत्या अवस्थेत आहे, कापणी साधारण कधी, नुकसान कोणत्या रात्री झाले, माच कुठे बांधणार, बार कोणत्या दिशेला जाणार, त्या दिशेला घर, पायवाट, रस्ता काय आहे, बार काढणाऱ्याचे नाव, त्याच्या शस्त्र परवान्याचा क्रमांक, बंदुकीचा प्रकार, सोबतचा माणूस कोण, हे सारे आणि हाताने काढलेला एक नकाशा जोडला तर अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायला कारण उरत नाही आणि ‘हो’ म्हणायला आधार मिळतो. बरोबर शेजारच्या गटांच्या मालकांची लेखी संमती हवी. ही संमती कोकणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

कारण डुक्कर आपल्या खाचरात राहत नाही. ते राहते वरच्या पडीक जमिनीत, करवंदीच्या जाळीत, वर्षानुवर्षे न बेणलेल्या काजूत. मालक मुंबई-पुण्याला, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, संमती मागायची कोणाकडे? परवाना मिळतो तो खाचराच्या गटाचा. बार लागलेले डुक्कर दोन उड्यांत पडिकात जाते, तिथून राखीव वनात. राखीव वनात हत्यार घेऊन शिरणे हा वेगळा गुन्हा. मग बंदूकवाला हद्दीवर थांबतो आणि जखमी जनावर आत मरते, किंवा मरत नाही आणि दुसऱ्या दिवशी लाकडाला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. परवान्यात एक ओळ हवी: जखमी जनावर हद्दीबाहेर गेल्यास ताबडतोब वनरक्षकाला फोन, आणि त्याच्या सोबतीनेच माग. आज अशी ओळ नसल्याने बंदूकवाला फोनच करत नाही. फोन केला तर आपणच अडकू, असे त्याला वाटते.

बागायतदाराची तक्रारही समजून घ्यायला हवी. परवाना एका शेतकऱ्याच्या नावाचा असतो आणि रात्री तीन गाड्या येतात. कोण कुठले, कोणाला माहीत नसते. कुंपणाची तार वाकवली जाते, गडगे पाडले जातात, पाण्याच्या पाइपांवरून गाड्या जातात, आणि कलमांच्या बुंध्यात छर्रे रुततात. पिकाची राखण करायला आलेला माणूस पीक जिथे आहे तिथे बसतो. शिकारीच्या हौसेने आलेला माणूस डुक्कर जिथे आहे तिथे जातो. दोघांच्या हातात एकच कागद असला तरी हा फरक गावाला डोळ्यांनी दिसतो. परवान्यावर बाहेरगावच्या माणसाचे नाव घालायचे असेल तर ग्रामपंचायतीत आधी सही व्हावी आणि गाडीचा नंबर लिहिला जावा. यात कोणाचा अपमान नाही.

आता बंदुकीकडे येऊ. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही देता येतो. कोकणात आजही कित्येक घरांत ठासणीचीच आहे. भाद्रपद-आश्विनात तिची अडचण अशी की दारू ओल धरते. केप (दारू पेटवणारी टोपी) फुटते, बार होत नाही. अशा वेळी माणूस बंदूक खाली घेऊन नळीत बघतो, आणि दारू उशिराने पेट घेते. केप फुटून बार झाला नाही तर नळी जमिनीकडे धरून निदान एक मिनिट थांबायचे, मग केप बदलायची. दुसरी चूक म्हणजे भरलेली आहे हे विसरून वर आणखी भरणे. त्यात नळी फाटते. ठासायच्या गजाला खूण करून ठेवावी: रिकाम्या नळीत गज किती आत जातो आणि एक भरती असताना किती. भरण्याआधी गज घालून बघायला दहा सेकंद लागतात.

काडतुसाच्या बारा बोअरमध्ये एलजी किंवा एसजी हे मोठे छर्रे वापरतात. तीस-पस्तीस मीटरच्या पुढे छर्रे फाकतात. डुकराला एक-दोन लागतात, मरायला पुरत नाहीत. डुकराच्या खांद्यावरचे कातडे आणि चरबी जाड, त्यातून चिखल वाळून बसलेला. समोरून डोक्यावर बार काढू नये. कवटी उतरती असते आणि मेंदू लहान जागेत असतो. जनावर आडवे होईपर्यंत थांबावे आणि पुढच्या फऱ्याच्या (खांद्याच्या) लगेच मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा; काळीज आपल्याला वाटते त्यापेक्षा खाली असते. माच दहा-बारा फूट उंच हवा. एक तर माणसाचा वास वरून जातो, आणि महत्त्वाचे म्हणजे बार वरून खाली, मातीत जातो. सपाट बांधावर बसून काढलेला बार हुकला तर मोठा छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो, आणि कोकणात तेवढ्या अंतरात कुणाची ना कुणाची पडवी असतेच. बॅटरीच्या उजेडात नुसते डोळे चमकले म्हणून बार काढणे हा तर सरळ गुन्हाच समजावा. पूर्ण अंग दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवू नये. अंधारात झालेले अपघात बहुधा इथेच होतात: दुसऱ्या बांधावर बसलेला आपलाच माणूस जागा बदलतो, झुडूप हलते, आणि बार निघतो. एकदा बसल्यावर उजाडेपर्यंत कोणी उतरायचे नाही, हा नियम माचावर चढण्याआधी तोंडाने बोलून घ्यावा. बार लागला आणि जनावर निघून गेले तर अर्धा तास काहीही करू नये. लगेच मागे लागले तर ते दूर पळते. सोडून दिले तर बऱ्याचदा जवळच्या जाळीत बसून मरते. मागावर उजेडात, दोघांनी जावे आणि रक्ताच्या प्रत्येक थेंबाशी फांदी खोचत जावे.

निवडणुकीचा विषय इथेच घालतो. आचारसंहितेत परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. विधानसभेचे मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे तिन्ही वेळा भात पिकत किंवा कापणीत असताना बंदुका ठाण्यात होत्या. छाननी करून ज्याच्यापासून धोका नाही त्याला सूट देण्याची सोय आहे. पीकसंरक्षणाच्या बंदुकीला ती सूट आपोआप मिळावी, निदान वनखात्याचा चालू परवाना हातात असलेल्याला तरी.

बंदूक ठाण्यात, परवाना टेबलावर आणि भात चिकात, अशा वेळी माणूस काय करतो हे सर्वांना माहीत आहे. तो तारेत करंट सोडतो. किंवा क्लच वायरचा फास लावतो. किंवा गावठी बॉम्ब आमिषात गुंडाळून ठेवतो. कोकणात फासात डुकरापेक्षा बिबट्या अडकल्याची बातमी जास्त वेळा येते, कारण दोघांची पायवाट एकच असते, कुंपणातली फट एकच असते. कमरेला तार आवळलेला बिबट्या जितका ओढतो तितकी ती आत शिरते. त्याला सोडवताना बेशुद्ध केले तरी आतडी आणि मूत्रपिंडे चिरडलेली असतात. बॉम्बने जबडा फुटलेले जनावर लगेच मरत नाही; खाता येत नाही म्हणून दिवसेंदिवस फिरून मरते. २०२० च्या मे महिन्यात केरळात पलक्कड जिल्ह्यात गाभण हत्तीण अशीच गेली. आणि करंट? २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागात रेडिओ कॉलर घातलेला ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ शेतातल्या विजेच्या तारेने मेला. विदर्भात रोही-डुकरांसाठी लावलेल्या तारेने माणसेही मरतात. पाणी द्यायला निघालेला शेजारी, कधी तार लावणारा स्वतः.

झटका मशीन (सौर कुंपणाचे यंत्र) आणि करंट यांतला फरक अजून नीट पोचलेला नाही. घरातली वीज २३० व्होल्ट, ती सलग वाहते, स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. सौर कुंपणाचे यंत्र काही हजार व्होल्टचा ठोका देते, पण सेकंदाला साधारण एकदा आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका कमी वेळ. मधल्या वेळात जनावर सुटून पळते. घरच्या लाइनला थेट जोडलेली तार म्हणजे सौर कुंपण नव्हे, मग तिला नाव काहीही द्या. सौर कुंपण ‘चालत नाही’ अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोन कारणे निघतात. अर्थिंग कच्चे असते. किमान तीन सळया, एकमेकींपासून दहाएक फुटांवर, ओल टिकते तिथे ठोकाव्यात. आणि पावसात गवत वाढून खालच्या तारेला टेकते, ठोका तिथेच जमिनीत उतरतो; आठवड्याला एकदा गवत कापलेच पाहिजे. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर हवी. गुडघ्याच्या उंचीला लावली तर डुक्कर खालून नाक घालून तारेला पाठीच्या राठ केसांवर घेऊन निघून जाते. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला टेस्टर लावून चार हजार व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर दोष शोधावा. कुंपणाला अनुदान मिळते पण दुरुस्तीला माणूस मिळत नाही, ही त्या योजनेतली खरी उणीव आहे.

डुकराला ‘पीडक जाहीर करा’, म्हणजे उपद्रवी ठरवून त्याचे कायद्याचे संरक्षण काढा, ही मागणी आता जोरात आहे, आणि ती करणाऱ्यांचा राग आम्हाला समजतो. कलम ६२ खाली केंद्र सरकार अनुसूची १ सोडून इतर प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी पीडक जाहीर करू शकते. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये रोही आणि डुकरांसाठी तसे झाले आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले. केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये त्यावरून जाहीर वाद झाला. केरळने डुकरासाठी तीच मागणी केली, केंद्राने मानली नाही. मग २०२२ मध्ये केरळने कलम ११ चाच आधार घेऊन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना आदेश देण्याचा अधिकार दिला. विष, स्फोटके, वीज यांना बंदी आणि मेलेले जनावर पुरायचे, अशा अटींसह. आम्हाला दुसरी वाट बरी वाटते. पीडक जाहीर झाले की परवाना नको, नोंद नको, पाहणी नको. मग फास आणि बॉम्ब लावणाऱ्यालाही ‘मी डुकरासाठी लावला होता’ असे म्हणायला जागा मिळते, आणि त्यात सापडलेला बिबट्या ‘चुकून’ ठरतो.

शिवाय नुसती मोकळीक देऊन डुकरे कमी होत नाहीत. मादी साधारण ११५ दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्ली, आणि खायला भरपूर असेल तर मादी पिल्लू वर्षाच्या आतच माजावर येते. गाव खूश होते ते सुळेवाला मोठा नर पडला की. पण एकांडा नर गेल्याने कळपाला काही फरक पडत नाही. दुसरा नर येतो. कळप म्हातारी मादी चालवते. ती एकटीच मारली तर उरलेला कळप फुटतो, माद्या पिल्लांसह चार दिशांना जातात आणि एका वाडीचा त्रास तीन वाड्यांना होतो. संख्या खरोखर कमी करायची तर वर्षाच्या आतली जनावरे आणि तरुण माद्या काढाव्या लागतात, तेही कळप एका जागी येतो त्याच हंगामात. पाच गावांनी पाच वेगवेगळ्या महिन्यांत एकेक नर मारून काही साधत नाही. परवाना गटनिहाय देण्यापेक्षा एका खोऱ्यातल्या चार-पाच गावांना एकाच वेळी द्यावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. आणि पडीक रान मालकांना नोटीस देऊन, नाहीतर रोजगार हमीतून, गावठाण आणि मळ्यालगतची पन्नास-शंभर मीटरची पट्टी तरी पावसाआधी साफ करावी. आडोसा गेला की डुक्कर दिवसा जवळ थांबत नाही. दूरून यावे लागले की रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. हे काम बंदुकीपेक्षा स्वस्त आहे, पण मागे कोणी लागत नाही.

मटणाबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून लिहितो. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता आहे. पंचनामा होऊन ते पुरायचे किंवा जाळायचे असते. गावात अनेकांना हे पटत नाही, आणि पिढ्यानपिढ्या पारध करत आलेल्या लोकांना तर मुळीच नाही. पण ज्या क्षणी मटण वाटायची किंवा विकायची मुभा मिळेल त्या क्षणी परवान्याचे कारण बदलेल. पीक कापून झाल्यावरही अर्ज येत राहतील. २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला आहे. माणसाला तो होत नाही, पण मेलेल्या रानडुकराचे मांस-रक्त वाहनातून, सुऱ्यांतून, उष्ट्यातून गावडुकरांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा खड्डा सहा फुटांचा, वर चुना, मग माती, आणि वर दगड. दगड नसतील तर कोल्हे-कुत्री दुसऱ्या रात्री उकरतात. हा खड्डा खणायचा कोणी आणि मजुरी कोणी द्यायची, हे आज ठरलेले नाही. बंदूकवाल्याने रात्रभर जागून पहाटे स्वतः खणायचा, ही अपेक्षा टिकत नाही. वनखात्याने त्यासाठी ग्रामपंचायतीकडे थोडी रक्कम आधीच ठेवावी.

आमची मागणी वेळापत्रकाची आहे. हळवे (लवकर येणारे) भात सप्टेंबरात निसवते, म्हणजे लोंबी बाहेर टाकते, गरवे (उशिरा येणारे) त्यानंतर. म्हणून गावाचे अर्ज, नकाशे आणि संमतीपत्रे जुलैअखेर ग्रामपंचायतीत एकत्र गोळा व्हावीत. वनरक्षक, कृषी सहायक आणि पोलीस पाटील यांनी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकदाच फिरून माचांच्या जागा आणि बारांच्या दिशा पाहाव्यात. परवाना गणपतीआधी हातात पडावा, मुदत कापणीपर्यंत, आणि त्यावर किती जनावरे हा आकडा असावा. प्रत्येक माचावर किती रात्री बसले, किती बार काढले, किती जखमी, किती मेली, नर का मादी, किती पुरली, याची वही वनरक्षक आणि ग्रामपंचायत दोघांकडे राहावी. पुढच्या वर्षीचा आकडा त्या वहीवरून ठरावा. वही भरली नाही त्या गावाला पुढच्या वर्षी परवाना नाही, आणि अर्ज वेळेत येऊनही निर्णय झाला नाही तर त्याचे लेखी कारण त्याच पंधरवड्यात अर्जदाराला मिळावे.

यंदाच्या जुलैला अजून अवधी आहे. प्रत्येक वनपरिक्षेत्रात एका खोऱ्यापासून सुरुवात करायची ठरवली तरी नकाशे काढायला आणि मुंबईकर सातबारेदारांच्या सह्या मिळवायला मे महिनाच लागेल, कारण ते गावी येतात तेव्हाच.

आपले,
पीकसंरक्षण परवानाधारक काही शेतकरी
जि. रत्नागिरी